मोत्याची मुखशुद्धी

कुत्र्याचं प्रेम आंधळं नसतं, पण त्याला वास मात्र असतो. आणि कुत्रं प्रेम करतं ते तोंडाने. शेपटी ही नुसती जाहिरात. मोत्या पहाटे उशीशी येऊन माझ्या नाकासमोर ऐसपैस जांभई देतो, त्यात रात्रीचं जेवण असतं, हरवलेला मोजा असतो आणि कुठंतरी पुरून ठेवलेलं, आम्हाला अद्याप न सापडलेलं असं काहीतरी असतं. पाहुणे "अय्या, किती गोड!" म्हणत वाकतात आणि वाक्य अर्धवट टाकून सरळ होतात.

तेव्हा पुदिना-पार्सली घालून त्याच्यासाठी घरीच बिस्किटं करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. नवरा पेपरातून मान वर न काढता "हं" म्हणाला.

ओट्सचं पीठ, एक अंडं, चमचाभर खोबरेल तेल आणि थोडासा बारीक चिरलेला पाला. झालं साहित्य. मात्र या पदार्थाची खरी कृती म्हणजे काय घालायचं नाही ते. मीठ-साखर नको. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका तर चुकूनही नको. ही कुत्र्याला विषच. सगळ्यात वाईट झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, तोंडाला चांगला वास यावा म्हणून चघळायच्या गोळ्यांत, कधीकधी पीनट बटरमध्येसुद्धा ते असतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्सुलिन भसाभस सुटतं, रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. म्हणजे आपला श्वास ताजा करणारी गोळी त्याचा श्वास कायमचा बंद करू शकते. हे वाचल्यापासून मी पर्स कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते.

पिठाने मात्र माझा अंत पाहिला. ओट्स आणि अंडं एकत्र आलं की ते हाताला जे धरतं ते सोडतच नाही. लाटण्याला लागलं, नळाला लागलं, चष्म्याच्या काडीला लागलं. हाडाच्या आकाराचा साचा मी हौसेने आणला होता. त्यातून सुटताना एकेका हाडाचं फ्रॅक्चर होत होतं. मोत्या खाली बसून पडझडीवर लक्ष ठेवून होता. ओव्हन १७५ अंशांवर, कडा तांबूस होईपर्यंत. मग बंद करून बिस्किटं आतच राहू द्यायची, म्हणजे कडक होतात. कडक का? तर चावताना दात घासले जावेत म्हणून.

चावताना! मी पहिलं बिस्किट पुढे केलं. टक् असा आवाज आला आणि बिस्किट नव्हतं. दातांना पत्ताही न लागता ते थेट पोटात उतरलं होतं. मागाहून एक ढेकर आली, ती मात्र सुगंधी. घरही मस्त दरवळत होतं. नवऱ्याने जाता जाता एक तोंडात टाकलं आणि म्हणाला, "अगं, बरी झालीयेत. मीठ विसरलीस वाटतं."

थोड्या वेळाने मोत्याने पुन्हा जांभई दिली. मूळ रहिवासी परतले होते.

डॉक्टरबाईंनी त्याचा ओठ वर उचलला. एकूण ४२ दात, आणि मागच्या दाढांवर हिरडीलगत तपकिरी थर. "वास पोटातून नाही, इथून येतो," त्या म्हणाल्या. दातांवरच्या थरातले जिवाणू गंधकाचे वायू सोडतात. तो थर काही दिवसांतच दगडासारखा टणक होतो. मग बिस्किटच काय, ब्रशही त्याचं काही वाकडं करू शकत नाही, भूल देऊनच खरवडावा लागतो. वर त्यांनी बजावलं, की वास अचानक गोडसर आला तर मधुमेह आणि लघवीसारखा आला तर मूत्रपिंड तपासायचं. पुदिन्याने झाकत बसायचं नाही. "बिस्किटं द्या की, पण रोजच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत. तो खाऊ आहे, उपचार नाही."

मग दात खरवडून झाले आणि आता ब्रशची पाळी आलीय. आपली टूथपेस्ट चालत नाही, कारण ती थुंकायची असते आणि मोत्याने आजवर कुठलीच गोष्ट थुंकलेली नाही. त्याची वेगळी मिळते, चिकनच्या स्वादाची. रात्री नवरा मागची बाजू सांभाळतो, मी पुढची. ब्रश दिसताच एरवी कधी न मिटणारं ते तोंड गच्च मिटतं. पेस्टचा वास आला की उघडतं, पेस्ट चाटून घेतं, आणि ब्रश दाढेपर्यंत पोचायच्या आत पुन्हा मिटतं. या झटापटीत निम्मे दात तरी घासून होतात, असा माझा अंदाज आहे. नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण तो फक्त शेपटीकडचं बघतो.

बिस्किटांचा डबा फ्रीजमध्ये असतो. 'फक्त कुत्र्यासाठी' अशी चिठ्ठी डकवूनही तो भराभर रिकामा होतो. मोत्याच्या तोंडाला हल्ली चिकनचा वास येतो आणि नवऱ्याच्या पुदिन्याचा.