पिल्लाला सहा महिने घरात कोंडू नका

नवं पिल्लू आणणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. पिल्लू महिन्याचं असतानाच आणा, म्हणजे लळा लागतो. सहा महिन्यांचं होईपर्यंत घराबाहेर काढू नका, शिकवायलाही तेव्हाच घ्या. आपण खातो ते सगळं खाऊ घाला. घरात शू केली तर नाक त्यात घासा. आणि पिल्लाचे दात दुधाचे असतात, चावलं तरी इंजेक्शन लागत नाही. लोक हा मेसेज चांगल्या मनानेच पुढे पाठवतात, पण यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही. शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

महिन्याचं पिल्लू आणायचं नाही. भावंडांशी दंगा करताना एकाने जोरात चावा घेतला की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती दाबायचे, हे पिल्लू तिथेच शिकतं. आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला हे शिकवताना घरच्यांचे हात ओरखड्यांनी भरतात. केंद्राच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू ब्रीडरला विकताच येत नाही. ‘दूध सुटलंय, न्या बिनधास्त’ असं कुणी म्हणालं तर आधी पिल्लाची आई बघायला मागा. टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

सहा महिने बाहेर न काढण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यामागची भीती खरी आहे. पार्वो हा विषाणूचा आजार झालेलं पिल्लू उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं, आणि तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती नेमकी कधी ओसरेल ते सांगता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. हे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, मैदानात, अनोळखी कुत्र्यांत पिल्लू खाली सोडायचं नाही, इथपर्यंत मेसेजशी माझं भांडण नाही.

पण जग ओळखीचं करून घेण्याचं पिल्लाचं वयही तेच असतं: तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला नेहमीचं वाटतं. जे राहून जातं, त्याची पुढे धास्ती बसते. सहा महिने चार भिंतींत काढलेलं कुत्रं मग हेल्मेट घातलेल्या माणसावर, काठी टेकत येणाऱ्या आजोबांवर भुंकत सुटतं आणि लोक म्हणतात, ‘कुत्रंच तापट निघालं.’

तेव्हा त्याला उचलून न्या. दुपट्यात घेऊन गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बसा, पिल्लू मांडीवरच राहू द्या. देवळातली घंटा, कबुतरं, भाजीवाल्यांचा आरडाओरडा, रिक्षाचा हॉर्न. प्रत्येक नव्या आवाजाला चिकनचा एक बारीक तुकडा. कान मागे पडले, शेपूट पोटाशी गेली, तुकडाही नको झाला की उठायचं, घरी यायचं. आपल्याकडे तर ढोलाची तयारी वेगळी करावी लागते. गणपतीत गल्लीत नाशिक ढोल पहिल्यांदाच दणाणला तर मोठं कुत्रंही पलंगाखाली शिरतं. म्हणून मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावा, तेव्हाच त्याचं जेवण ठेवा, आणि ते निवांत खातंय असं दिसलं तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा.

शिकवायलाही थांबू नका. आठ आठवड्यांचं पिल्लू खाऊच्या तुकड्यावर ‘बस’ शिकतं, फक्त एका वेळी दोन-तीन मिनिटंच.

‘आपण खातो ते सगळं’ हे निदान नाशिककरांनी तरी म्हणू नये. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्याने ते होईल याचा नेम नाही. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो वा भाजीच्या रश्शात शिजलेला. द्राक्षांच्या हंगामात घराघरांत पेट्या जमिनीवर ठेवलेल्या असतात, त्या पिल्लू यायच्या आधी वर उचला.

नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केली की त्याच क्षणी शाबासकी द्या.

आता दुधाचे दात. रेबीज लाळेतून येतो, दातांच्या वयाशी त्याचा संबंध नाही. लस न झालेल्या पिल्लालाही तो असू शकतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावलं किंवा दात नुसता खरचटला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पिल्लू कुठून आणलं, त्याची आणि त्याच्या आईची लस झाली होती का, ते सांगा. इंजेक्शनचं त्यांना ठरवू द्या. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. रेबीजची लस आधीच घेऊन ठेवता येते. घरात लहान मुलं असतील तर पिल्लू आणायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.