शाळा किती लांब?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचा विषय काढला. अशा शाळा झाल्याचे पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले. तेव्हापासून आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटात अधूनमधून भडका उडतो. एक बाजू विचारते, पाच पोरांना दोन मास्तर कशाला? दुसरी गळा काढते, मराठी शाळा वाचवा! गळा काढण्यात आम्ही परदेशातले सगळ्यात पुढे. माझी मुलगी जर्मन शाळेत जाते, तेव्हा मराठी शाळेसाठी हळहळायला मला दमडीचा खर्च नाही.

आम्ही ऐंशीच्या दशकात वाईत वाढलो. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, कृष्णाबाईचा उत्सव. सिनेमावाल्यांनी आमचा घाट इतक्या वेळा उत्तर भारत म्हणून खपवलाय की परप्रांतीयांना तो आमचा आहे हे पटवावं लागतं. गटात या सगळ्याचे फोटो रोज येतात. मला मात्र त्या बालपणातली सगळ्यात मोठी चैन वाटते ती ही, की कशालाही जायला वाहन लागायचं नाही. नगरपालिकेची शाळा पाच मिनिटांवर, ग्रंथालय त्याच वाटेवर, मधल्या सुट्टीत घरी जाऊन गरम भात. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू पुराचं पाणी दुभंगावं म्हणून माशाच्या आकाराची बांधलीय. पाणी तिथं कुठवर चढलं हे बघून शाळेत येणाऱ्याला पहिल्या तासाला भलताच मान.

शाळा जवळ म्हणून मास्तरही जवळ. आमच्या वर्गातली एक मुलगी हळद शिजवायच्या दिवसांत आईबरोबर कामाला जायची. चार दिवस दिसली नाही की गुरुजी संध्याकाळी चपला घालून तिच्या दारात. काहिलीच्या धुरात उभे राहून आईशी बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती पिवळ्या बोटांनी पाटी घेऊन हजर. सातवीपर्यंत हे चाललं. हायस्कूल लांब होतं, तिथले सर तिच्या घरी कशाला जातील? तिचं शिक्षण तिथंच संपलं. (गटात तिचा नंबर नाही. बालपणाच्या गोड आठवणी काढणाऱ्यांत ती नाही, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एका बाकावर बसायचो हे खरं, पण पाणी प्यायला कुणाच्या घरी जायचं हे आळी बघूनच ठरायचं.)

मी राहते त्या जर्मनीतल्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात पटाचा नियम आपल्यापेक्षा कडक आहे. प्राथमिक शाळेला किमान ९२ मुलं लागतात; पालिकेच्या हद्दीतली एकुलती एक शाळा असेल तर ४६ वर भागतं. म्हणजे 'तिकडे बघा, एका पोरासाठी शाळा चालवतात' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण इथं कित्येक शाळांत पहिली-दुसरी मुद्दाम एकत्र शिकवतात आणि त्याचं कुणाला वैषम्य वाटत नाही. आपल्या द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी वर्षानुवर्षं तेच करतात, वर निवडणुकीचं काम आणि पोषण आहाराचा हिशेब. आणि आपण त्याला शाळेचा दुबळेपणा म्हणतो.

दुसरीतल्या मुलानं एकट्यानं चालत शाळेत जावं, ही इथं साधी अपेक्षा आहे. गाडीनं सोडणारे आईबाप इथंही वाढलेत, म्हणून कोलोनसारख्या शहरात काही शाळांसमोरचा रस्ता सकाळी गाड्यांना बंद करतात. फार हुरळून जायला नको, कारण चौथी झाली की हीच मुलं गुणांप्रमाणे वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात, आणि त्या वाटणीत परदेशी आडनावांची पोरं कुठं जातात हे इथला कुठलाही शिक्षक सांगेल.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याखालचा राज्याचाच नियम आहे: पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन. समूह शाळेत वाहनाची सोय करू, असं सांगतात. धोम धरणाच्या वरच्या खोऱ्यातला जुलैचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला ते वाहन किती दिवस येईल याचा अंदाज आहे. आणि ते आलं नाही तर मुलगा दोन दिवस बुडवेल, मुलगी कायमची घरी बसेल.

वाईतून इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये पोरं बसवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. लहानपणी आम्हीच पाचगणीच्या बोर्डिंगची पोरं पसरणी घाटानं वर जाताना तोंड उघडं टाकून बघायचो. त्यांच्यासारखं व्हायची हौस आमच्या शाळेला नव्हे, आमच्या घरांना होती. पण ज्यांना व्हॅन परवडत नाही, त्यांची शाळा उचलून लांब नेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माध्यमाच्या भांडणात तीच नेमकी हरवते.

सध्या गटात शाळेला दगडी कमान बांधायची वर्गणी चालू आहे. डॉलर-युरोवाल्यांचा आकडा अर्थातच वरचा. मी पैसे भरले नाहीत. वाईच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत दुसऱ्या शिक्षकाच्या मानधनाची वर्गणी काढा, वर्षभर भरते, असं लिहिलं. त्यावर सतरा अंगठे आलेत, आणि कमानीचं डिझाइन कसं असावं यावर मतदान.