‘पन्नास घ्या, झूम पायांनी करा’: पळत्या मुलांच्या बाबतीत हा सल्ला कुठे फसतो

घरात मूल रांगायला लागलं आणि हातात नवा कॅमेरा आला, की आठवडाभरात कुणीतरी हा सल्ला पाठवतंच: ‘किट लेन्स काढून टाका. ५० एमएम एफ/१.८ घ्या. माणसाच्या डोळ्याला दिसतं तसंच तिला दिसतं. ॲपर्चर कायम १.८ वर ठेवा, म्हणजे मागचं सगळं छान धूसर होईल आणि मूल कितीही पळालं तरी फोटो हलणार नाही. झूम कशाला हवा? पाय आहेत ना!’ (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबतच येणारा साधा झूम. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळचं आणि अरुंद; ५० एमएम एफ/१.८ ला झूम नसतो. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं.)

मीही तो सल्ला डोळे मिटून मानला होता. भाची दीड वर्षाची असताना ५० घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी साठ-सत्तर फोटो काढले. त्यातल्या एकात ती ठोकळ्यांच्या मनोऱ्यावर शेवटचा ठोकळा ठेवते आहे. श्वास रोखलेला, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. असा क्षण पुन्हा मागून मिळत नाही. आणि त्या फोटोत सगळ्यात स्पष्ट काय आलंय? तिचा डावा कान. कानावरची लव मोजून घ्या. डोळे मात्र धुक्यात.

लेन्स वाईट नव्हती, आजही ती माझ्याकडे आहे. सल्ल्यातही खरेपणा आहे, फक्त तो सांगितला जातो त्या ठिकाणी नाही.

आधी डोळ्याची गोष्ट. ५० हा आकडा आला तो २४ × ३६ मिलिमीटरच्या फिल्मच्या चौकटीबरोबर. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाला ५० एमएमचीच लेन्स होती, आणि त्या चौकटीसाठी ५० ‘नॉर्मल’, म्हणजे डोळ्याला दिसतं तशी, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी आलेला भाग) त्याच मापाचा असतो. पण किट लेन्ससोबत येणारे बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचे, असतात. त्यावर हीच ५० लावली की ती ७५ सारखं दाखवते, कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यावर ८० सारखं. म्हणजे डोळ्याला दिसतं तसं नाही, चेहऱ्यांच्या फोटोंसाठीच्या पोर्ट्रेट लेन्सला दिसतं तसं.

जमिनीवर याचा अर्थ काय होतो ते बघा. क्रॉप कॅमेरा उभा धरला आणि मूल २ मीटरवर असेल, तर ५० एमएममध्ये जेमतेम ९४ सेंटिमीटर उंची मावते. ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरचं पोर नीट उभं राहिलं तर कसंबसं बसेल. त्याने आनंदाने हात वर केले की मनगटं कापली गेलीच. मूल, त्याचा मनोरा आणि आजूबाजूला थोडी मोकळी जागा हवी असेल तर ३ मीटर मागे जावं लागतं, आणि खोलीत पलंग, कपाट, खुर्च्या असताना पाठ भिंतीला टेकायला ३ मीटर लागत नाहीत. त्याच ठिकाणी ३५ एमएम लावली तर २ मीटरवरून १ मीटर ३४ सेंटिमीटर दिसतं. खरं तर सल्ला देणाऱ्याच्या मनातली ‘पन्नास’ क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ असते, आणि आणखी लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर २५. हे एवढं वाक्य त्या सल्ल्यात जोडलं असतं तर माझं बरंच काम वाचलं असतं.

आता पाय. हे वाक्य ऐकायला झकास आहे आणि मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवं. मुलाचा फोटो चांगला येतो तो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून. म्हणजे तुम्ही उकिडवे बसलेले असता, नाहीतर कोपरांवर पालथे पडलेले. त्या अवस्थेत पायांनी झूम करून दाखवा! मी करून पाहिलाय. मागे सरकता सरकता टेबलाचा पाय डोक्याला लागतो, आणि तोवर मूल दुसऱ्या खोलीत पोहोचलेलं असतं.

शिवाय अंतर तुमच्या हातात नसतंच, ते मूल ठरवतं. आत्ता तीन मीटरवर असलेलं पोर दोन सेकंदांत कॅमेऱ्याच्या काचेला बोट लावायला येतं. इथे लेन्सची एक गोष्ट कामाला येते, जी सल्ल्यात कधीच नसते: किती जवळचं फोकस होतं. कॅननची १९९० सालची ५० एमएम एफ/१.८ टू ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, तिची २०१५ची एसटीएम आवृत्ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जाते. निकॉनच्या एएफ-एस ५० एमएम १.८जीची मर्यादा ४५ सेंटिमीटर, आणि त्यांच्याच क्रॉप कॅमेऱ्यांसाठीच्या ३५ एमएम १.८जीची ३०. पंधरा सेंटिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण हसत हसत लेन्सवर चालून येणाऱ्या चेहऱ्याच्या बाबतीत फोटो मिळणं आणि लेन्स नुसतीच पुढेमागे घुरघुरत राहणं यातला तो फरक आहे.

पाय पुढेमागे केल्याने फक्त चौकट बदलत नाही, चेहऱ्याची ठेवणही बदलते. फार जवळ गेलात की नाक मोठं, कान मागे पळालेले, डोकं भोपळ्याएवढं. हे अंतराने होतं, लेन्सने नव्हे. कधीकधी ते गोड दिसतं, दरवेळी नाही. झूम लेन्स आधी अंतर निवडू देते, मग चौकट. याला आळशीपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

‘कायम १.८’ बद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे, कारण तो कान अजून डोळ्यांसमोर आहे. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम, एफ/१.८, अंतर दीड मीटर: स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण सहा सेंटिमीटर. एक मीटरवर तीनच. मुलाच्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर याहून जास्त असतं. पळतं मूल सेकंदाला दोन मीटर वेगाने तुमच्याकडे आलं, तर तो सहा सेंटिमीटरचा पट्टा ते तीन शतांश सेकंदात ओलांडतं. तुमचं बोट बटण दाबायला याहून जास्त वेळ घेतं. एफ/२.८ वर पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो, एफ/४ वर चौदाच्या. मागचा पसारा तरीही पुरेसा विरघळतो, कारण तो मुलाच्या कितीतरी मागे असतो. झोपलेल्या बाळाला खुशाल १.८ लावा, पळत्याला नको.

इथे अर्धा दोष फोकसच्या मोडचाही असतो. नवा कॅमेरा एकदा फोकस करून थांबणाऱ्या मोडवर ठेवलेला असेल, तर कुठलीही लेन्स कानच टिपेल. सतत फोकस करणारा मोड लावा, निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्वो. मिररलेसवर डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोही चालू करा. हे फुकट आहे आणि नव्या लेन्सच्या आधी करायचं आहे.

‘मूल कितीही पळालं तरी फोटो हलणार नाही’ हे तर सरळ चुकीचं. हालचाल शटर थांबवतं. मोठं ॲपर्चर उजेड आत घेतं, त्या उजेडाचं काय करायचं हे कॅमेऱ्याला सांगावं लागतं. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) सोडून दिलं तर खोलीत कॅमेरा १/६० वर खूश असतो, आणि १/६० सेकंदात ते पोर तीन सेंटिमीटरहून जास्त सरकलेलं असतं. १/५०० ला चार मिलिमीटर. म्हणून मी शटर १/५०० वर बांधून टाकतो आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडतो. स्टॅबिलायझेशनही इथे उपयोगाचं नाही. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, मुलाचे पाय नव्हे.

राहिली बिचारी किट लेन्स. उन्हात तिला काढून टाकायचं काहीच कारण नाही. स्वच्छ उन्हात एफ/५.६, आयएसओ १०० वर १/१००० च्या जवळपास शटर मिळतं, धावणं थांबवायला ते भरपूर झालं. सावलीत आयएसओ ८००-१६०० करा, काम चालतं.

रात्री खोलीत मात्र ती हात टेकते, आणि सल्ल्यातला खरा भाग नेमका इथे आहे. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ दहापट. दिव्याच्या उजेडात १/५०० साठी १.८ वर आयएसओ ५००० लागत असेल, तर ५.६ वर पन्नास हजारांच्या आसपास लागेल, आणि त्या फोटोत मूल कमी, दाणेदार रवा जास्त. संध्याकाळी घरातच खेळणाऱ्या मुलासाठी मोठ्या ॲपर्चरची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, हवीच. तिथे पट्टा बारीक होतो हे मान्य करून १.८ ला हो म्हणावं लागतं. दिवसा मात्र मुलाला खिडकीजवळ खेळायला बसवलं तर हे सगळं गणित सौम्य होतं.

तेव्हा माझा क्रम असा: क्रॉप कॅमेरा आणि घरात खेळणारं मूल, तर पहिली प्राइम ३५ च्या आसपासची, ५० नंतर. एकच लेन्स ठेवायची असेल तर एफ/२.८ चा छोटा झूम, सिग्माचा १८-५० किंवा टॅमरॉनचा १७-७० अशा जातीचा. किटपेक्षा जड आहेत हे आधी हातात धरून बघा, कारण कडेवर मूल असताना कॅमेरा एकाच हातात असतो. मैदानात लांब पळणाऱ्या मुलासाठी लांबचं जवळ आणणारा टेलीझूम वेगळा, घरात त्याचा काही उपयोग नाही. जुनी लेन्स घेणाऱ्यांसाठी एक खड्डा: निकॉनच्या ५० एमएम १.८डी मध्ये फोकसची मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या कॅमेऱ्यावर ती हातानेच फोकस करावी लागते, आणि पळत्या मुलावर हाताने फोकस म्हणजे शिक्षाच.

काहीही घेण्याआधी किट लेन्सने आतापर्यंत काढलेले फोटो उघडा. प्रत्येकाच्या माहितीत तो किती एमएमवर काढला ते नोंदलेलं असतं. मी ५० घेतल्यानंतर हे केलं, आधी करायला हवं होतं. भाचीचे माझे आवडते फोटो जवळजवळ सगळे २४ ते ३५ च्या दरम्यान निघाले. ५० च्या पुढचे होते ते बहुतेक ती झोपलेली असतानाचे.