शिंक आली की पाय आवळून उभं राहायचं, हे किती वर्षं?

चार वर्षं मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. शिंक आली, ठसका लागला, बादली उचलली की लघवीचे थेंब. प्रवासाला निघायच्या आधी पाणी बंद. कपडे गडद रंगाचेच. बाळंतपणं झाली, पाळी जायची वेळ आली, आता चालायचंच, अशी मनाची समजूत घातलेली. या 'चालायचंच'चा मला आता संताप येतो. हा त्रास पुष्कळ बायकांना असतो, म्हणून तो मुकाट सोसायचा असतो असं नाही.

मुख्य काम ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं. १९४८ साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय म्हणून सांगतात. तरी 'करून पाहिला, फरक नाही' असं बऱ्याचजणी म्हणतात. मीही म्हणायचे, कारण मी पोट आणि मांड्या आवळत होते, तेही श्वास रोखून! गॅस आणि लघवी एकदम अडवल्यासारखं आतून वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, काही सेकंद धरायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. लघवी करताना मधेच धार थांबवायची सवय मात्र लावू नका. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळायचं. माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर बसला.

अचानक जोराची लागून बाथरूमपर्यंतही पोचता येत नसेल, तर लघवीला जायच्या दोन वेळांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं. त्याला किमान ६ आठवडे लागतात. चहा-कॉफी कमी करा, पाणी नको. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांच्याकडेही बघा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळणं कमी होतं.

लघवीत रक्त, जळजळ, लघवी अडणं, किंवा पाय नाहीतर मांड्यांमधला भाग बधिर होऊन अचानक सुरू झालेलं गळणं, यात घरी थांबू नका. लगेच डॉक्टर गाठा.

माझा व्यायामाचा तिसरा महिना संपला तेव्हा आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला तर तुझ्या जन्मापासून आहे गं." आता रोज संध्याकाळी फोनवर आम्ही दोघी मिळून आकडे मोजतो.