नाक मुठीत धरून मालदीव

माझा नवरा एकदा शिंकत नाही, तीनदा शिंकतो. पहिली शिंक जरा बिचकत येते, दुसरी रीतसर येते आणि तिसरीला फडताळातल्या वाट्या वाजतात. धुळीची अ‍ॅलर्जी. ती आणि आमचं लग्न एकाच वर्षीचं, त्यामुळे कशामुळे काय झालं यावर घरात अजून एकमत नाही. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत या शिंकांचा पूर्वी उपयोग व्हायचा. सकाळी सातला केर निघाला की तीन शिंका, आणि त्या ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजी दुधाचा गॅस बंद करायच्या.

मार्च 2020 पासून मात्र चित्र पालटलं. कुणालाही फोन लावला की आधी सरकारी खोकला ऐकू यायचा आणि मग सूचना. अशा दिवसांत आमच्या घरातून तीन शिंका बाहेर पडल्या की डक्टच्या पलीकडच्या खिडक्या लागायच्या. खट, खट, खट. तिन्हींना तीन.

अशा माणसाला परदेशी न्यायची कल्पना मुलीची. आमच्या लग्नाला 25 वर्षं झाली ती मे 2020 मध्ये, आणि त्या दिवशी आम्ही दोघं मिळून कोथिंबीर मिठाच्या पाण्यात धूत होतो. ती कसर तिला 2021 च्या मार्चमध्ये भरून काढायची होती. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती, पण काही देशांशी आपला 'एअर बबल' होता, म्हणजे दोघांच्या करारापुरती खास विमानं, आणि त्यात मालदीव होतं. त्यांनी 15 जुलै 2020 लाच पर्यटकांना दार उघडलं होतं; देशच पर्यटनावर चालतो, दार लावून बसतील किती दिवस? व्हिसा उतरल्यावर फुकट. 2020 मध्ये तिथे सगळ्यात जास्त पर्यटक भारतातून गेले, आणि त्यातले निम्मे तरी पाण्यावरच्या झोपाळ्यात बसून माझ्या फोनमध्ये येत होते.

"आई, तिथे एक बेट म्हणजे एक हॉटेल. बाहेरचं कुणी येत नाही. तुम्ही फक्त रिलॅक्स करायचं."

रिलॅक्स होण्याची सुरुवात गणिताने झाली. निघण्याआधी 96 तासांच्या आतला आरटी-पीसीआर हवा. विमान गुरुवारी सकाळचं, म्हणजे रविवार सकाळपासून पुढे कधीही स्वॅब. रविवारी लॅब अर्धा दिवस. सोमवारी दिला तर रिपोर्ट "मंगळवारी रात्री किंवा बुधवारी". त्या 'किंवा'वर आमचे परत न मिळणारे पैसे उभे होते. कालनिर्णयच्या चौकोनांत मी एरवी दुधाचा खाडा लिहिते. त्या आठवड्यात तिथे तास लिहिले होते.

लॅबमधला मुलगा पांढऱ्या पीपीईत उकडून निघालेला. त्याने नवऱ्याच्या नाकात काडी घातली, आत फिरवली, आणि पंचवीस वर्षांची अ‍ॅलर्जी खडबडून जागी झाली. पहिलीला मुलगा मागे सरकला. दुसरीला भिंतीला टेकला. तिसरी नवऱ्याने दोन्ही हातांत झेलली आणि मान खाली घालून "सॉरी" म्हणाला. मुलगा म्हणाला, "काका, दुसऱ्या नाकपुडीचं नको. भागेल एवढ्यात."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. फक्त त्यात माझ्या नावातलं एक अक्षर कमी होतं. नाव पासपोर्टबरहुकूम हवं, म्हणून त्या एका अक्षरासाठी लॅबच्या दोन खेपा झाल्या. मग 'इमुगा' नावाचा मालदीवचा फॉर्म, तोही निघण्याच्या 24 तासांच्या आतच भरायचा. आदल्या रात्री चादरीसमोर उभं राहून फोटो काढणं, क्यूआर कोड छापून घेणं, एवढं उरकून झोपलो तेव्हा दीड वाजला होता आणि साडेतीनचा गजर लावलेला होता.

विमानात नवऱ्याला मधली सीट आली. मधल्या सीटवाल्याला निळा झगा घालायचा नियम होता. झगा, त्यावर फेस शील्ड, आत मास्क, मास्कमुळे चष्म्यावर साचलेली वाफ. रंगपंचमीला तेल लावून तयार बसलेल्या मुलासारखा दिसत होता. अर्ध्या तासाने त्याने माझं मनगट धरलं. मला वाटलं प्रेमाने. पण ती येत होती. नाकाखाली बोट दाबणं, टाळ्याला जीभ लावणं, उलटे आकडे मोजणं, यातलं मास्क आणि शील्डच्या आडून जेवढं जमतं तेवढं त्याने केलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. खिडकीजवळच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "पहिल्यांदाच बसतायत का विमानात?" मी हो म्हटलं. शिंकेपेक्षा तो समज बरा.

वरून मालदीव खरोखर सुंदर दिसतं. निळ्या पाण्यात फिक्या निळ्या अंगठ्या पडल्यासारखी ती बेटांची कडी. 'अटोल' हा जगभर चालणारा शब्द त्यांच्याच दिवेही भाषेतला. विमानतळाचं स्वतंत्र बेट आहे. बाहेर पडलं की रिक्षांच्या जागी बोटी. आमच्या बेटापर्यंत समुद्री विमानही जात होतं, पण त्याचं भाडं ऐकून नवऱ्याला शिंकही आली नाही. स्पीडबोटीने गेलो.

धक्क्यावर स्वागताला बोडु बेरु, म्हणजे त्यांचे मोठे ढोल. एकाने कपाळावर तापमानाची बंदूक धरली. दुसऱ्याने आमच्या बॅगांवर जंतुनाशकाचा फवारा मारला. तिसऱ्या मुलीने गार, ओला, गवती चहाच्या वासाचा नॅपकिन दिला. फवारा, वास आणि समुद्राचा वारा एकत्र आले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ढोलवाल्यांकडे पाहिलं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत या माणसाने वीस वर्षं ताशा वाजवला आहे. त्याने ठेका पकडला, आणि धडाम्‌च्या खाली एक, धडाम्‌च्या खाली दुसरी, आणि शेवटच्या मोठ्या धडाम्‌च्या खाली तिसरी, अशा तिन्ही शिंका बिनबोभाट उरकल्या. ढोलवाला खूश होऊन मान डोलवत होता.

खोली पाण्यावर होती, जमिनीत काच होती आणि काचेखाली मासे होते. मी पलंगावर बसून दाराला लावलेली पत्रकं वाचली. त्यात एक कागद असा, की पाहुणा पॉझिटिव्ह आला तर त्याला वेगळं ठेवण्यात येईल आणि त्या मुक्कामाचा खर्च पाहुण्याचा. तिथून पुढे मी मालदीव पाहिलंच नाही. एका रात्रीचं भाडं म्हणजे आमच्या सोसायटीचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, बारा टक्के कर, माणशी रोज सहा डॉलर ग्रीन टॅक्स. गुणिले चौदा दिवस. रात्री मला लाटांचा आवाज यायचा तो हातच्यांसकट.

त्यात घड्याळाचा घोळ. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण पाहुण्यांना संध्याकाळी ऊन जास्त वेळ मिळावं म्हणून पुष्कळ हॉटेलं आपलं बेट राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात. आमचंही तसंच. म्हणजे देशाची वेळ आपल्या मागे, हॉटेलची आपल्या पुढे, आणि नवऱ्याचं मनगटी घड्याळ ठाण्यात. अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायची रात्री दहाला. ती कुठल्या दहाला, यावर आम्ही आरामखुर्चीत पडून तासभर वाद घातला.

नाश्त्याला काचेपलीकडून वाढत होते. आपण हातमोजे घालून बोट दाखवायचं. मी 'मास हुनी' घेतलं, कारण नाव परदेशी वाटलं. पुढ्यात आला बारीक चुरलेला टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत 'रोशी' नावाची पोळी. मी एक घास खाल्ला आणि गप्प झाले. ही किसमूर होती. माझी आई पावसाळ्यात सुक्या बांगड्याची करायची, तिची सख्खी चुलत बहीण. समुद्र, माड, घाम आणि किसमूर, एवढ्यासाठी आम्ही पासपोर्ट काढून आलो होतो. मालवणला एसटीने गेलो असतो तर स्वॅबसुद्धा द्यावा लागला नसता. हे मी नवऱ्याला सांगणार, तोच त्याने त्यातली मिरची चावली.

ठसका आणि खोकला यांतला फरक आपल्याला कळतो. तो इंग्रजीत कसा समजावायचा? अख्खं रेस्टॉरंट थांबलं. शेजारच्या टेबलावरचं गोरं जोडपं आपापली ताटं उचलून हळूच तीन टेबलं पलीकडे गेलं. मी मिरचीचं देठ हवेत धरून सगळ्यांना दाखवत होते, आरोपीच्या वकिलासारखं. बंदूक घेऊन एक मुलगा आला. "थर्टी सिक्स पॉइंट फोर." नवरा पाण्याचा घोट थांबवून म्हणाला, "छत्तीस? म्हणजे मी गेलो की काय?"

त्या दिवसापासून त्याने पद्धत बसवली. शिंक जवळ आली की समुद्रात जायचं. छातीएवढ्या पाण्यात, किनाऱ्याकडे पाठ करून, ओंजळ नाकाशी धरून उभं राहायचं. शिंकून झालं की ओंजळीतलं पाणी सोडून द्यायचं, तोंड धुवायचं आणि परत यायचं. सकाळी ही गरज सर्वांत जास्त, त्यामुळे समोर बरोबर उगवता सूर्य. दुसऱ्या दिवशी दिल्लीचं एक तरुण जोडपं मला वाकून नमस्कार करून म्हणालं, "आंटी, अंकल कितने नियम से सूर्य को जल चढ़ाते हैं!" तिसऱ्या दिवशी तो मुलगा त्याच्या शेजारी पाण्यात उभा. आता शिंकायचं कसं? नवऱ्याने नाइलाजाने त्याला सूर्याची बारा नावं म्हणून दाखवली, आणि शेवटच्या 'भास्कराय नमः'ला पोचेपर्यंत शिंक कंटाळून परत गेली होती.

एकदाच पकडले गेलो. दुपारी खोली साफ करणाऱ्या मुलाने चादर झटकली आणि नवरा बाथरूममध्ये पोचायच्या आत सुरू झाला. मुलगा स्थानिक होता. तो चादर हातात धरून उभा राहिला आणि मोजू लागला, "एकेह... देह... तिनेह." मग थांबला, चौथी येते का पाहिलं. म्हणाला, माझे वडीलही असेच, तीन म्हणजे तीन. मी पन्नास रुफियांची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही, फक्त मास्कवर बोट ठेवून 'कुणाला सांगत नाही' अशी खूण केली. एक, दोन, तीन त्यांचे आणि आपले इतके जवळचे निघतील असं मला वाटलं नव्हतं. त्या मुलाला मी अजून विसरलेले नाही. बेटाचं नाव मात्र मला दर वेळी मुलीला विचारावं लागतं.

परतीसाठीही 72 तासांच्या आतला रिपोर्ट. नुकताच, फेब्रुवारीच्या शेवटी, भारताने तो सगळ्यांना सक्तीचा केला होता. खोलीत नर्स आली, काडी घातली, आणि नवरा शिंकला नाही. कसा ते त्याचं त्याला माहीत. पायाची बोटं मात्र गालिच्यात रुतली होती. नमुने बोटीने मालेला गेले. त्या रात्री हॉटेलने आमच्या पंचविशीनिमित्त वाळूत टेबल मांडलं होतं, मेणबत्त्या, वर चांदणं, मध्ये लिलीच्या फुलांचा हा मोठा गुच्छ. गुच्छ मी पहिल्यांदा उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मग दोघं फोन उलटा न ठेवता, सुलटा ठेवून, त्याच्याकडे बघत जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. सव्वादहाला, हॉटेलच्या सव्वादहाला, रिपोर्ट आला. दोघांचाही ठीक. नवऱ्याने माझा हात हातात घेतला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मेणबत्तीच्या उजेडात मला काहीतरी म्हणणार असं दिसलं.

"आता शिंकू?" म्हणाला.

"घरी," मी म्हटलं. "मुंबई विमानतळ बाकी आहे."

घरी पोचलो तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागलेली होती: परदेशातून आलेल्या सभासदांनी चौदा दिवस घरातच थांबावे. नाव लिहिलं नव्हतं, पण आमच्या बिल्डिंगमधून त्या वर्षात परदेशी दुसरं कोण गेलं होतं! चॉकलेटं आणायला सांगणाऱ्यांनीच सही केली होती. चॉकलेटं वॉचमनजवळ ठेवली. ती मात्र क्वारंटाइन न करता गेली.

दार उघडलं. आठवडाभर बंद घर. दरवाज्यावर, सोफ्यावर, पंख्याच्या पात्यांवर आमची स्वतःची, ओळखीची, ठाण्याची धूळ. नवऱ्याने बॅग खाली ठेवली, मास्क काढला, खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला.

पहिलीच इतकी मोठी होती की डक्टमधली कबुतरं उडाली. ती हवेत असतानाच इंटरकॉम वाजला. सेक्रेटरी होते. "वहिनी, आत्ता आवाज आला तो... साहेबांना बरं आहे ना? रिपोर्ट तेवढा ग्रुपवर टाकता का?"

"टाकते," मी म्हटलं. "पण फोन ठेवू नका. अजून दोन यायच्या आहेत."