घोळक्याचं बिस्कीट, एकट्याची सॅक

माकडाने कुणाची सॅक पळवल्याचा व्हिडिओ आला की खाली ठरलेली कमेंट असते, "माकडाचा काय भरवसा!" माझं मत उलटं आहे. सह्याद्रीतलं माकड बऱ्यापैकी भरवशाचं जनावर आहे. रविवारी तीस-चाळीस जणांचा घोळका गडावर येतो, बिस्किटं आणि वेफर्स टाकतो, फोटो काढतो, उतरून जातो. सोमवारी त्याच वाटेने एकटा माणूस येतो. टोळीला त्याच्याकडूनही तेच हवं असतं. तो देत नाही, त्याच्या मागेपुढे कुणी नसतं, आणि सॅक मात्र फुगलेली असते. मग जे घडतं त्याला आपण "अचानक हल्ला" म्हणतो. अचानक काही नसतं. रविवारच्या बिस्किटाची वसुली सोमवारी होते, एवढंच.

एकट्याने ट्रेक करणाऱ्यांनी आणि बाईकवर घाटरस्ते हिंडणाऱ्यांनी सगळ्यात आधी समोर कोण बसलंय ते ओळखावं. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती. लाल तोंडाचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं, लांब शेपटीचं ते माकड, म्हणजे बॉनेट मकाक. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, हातपाय लांब असलेलं ते वानर. तापी-गोदावरीच्या उत्तरेला आखूड शेपटीचं, मागून लालसर ऱ्हीसस माकड सुरू होतं. ही हद्द ढोबळ आहे, ऱ्हीसस हळूहळू दक्षिणेकडे सरकतंय.

हा फरक हौसेचा नाही, कामाचा आहे. माकडाच्या गालात पिशव्या असतात. हाताला लागेल ते गालात कोंबायचं, पळायचं आणि लांब बसून निवांत चावायचं, ही त्याची रीत. त्यामुळे त्याची चोरी दोन-तीन सेकंदांत उरकते. वानराला गालपिशव्या नसतात. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पानं आंबवून पचवणारं असतं. तो मुळात पाला, कळ्या आणि कच्ची फळं खाणारा, माणसाशी त्याचं फारसं काम नसतं. पण एकदा शेंगदाणे-केळ्यांची सवय लागली की तोही जवळ येतो, आणि मग वजनाचा प्रश्न येतो. माकडाचा नर साधारण ६ ते ९ किलोचा, वानराचा नर १५-२० किलोपर्यंत. दोघांचेही सुळे मोठे. माकड ओरबाडून पळतं. वानर सहसा अंगावर येत नाही, पण आला तर त्याची थप्पडही जड असते.

आता खुणा. माणसं नेमकी इथेच उलटा अर्थ काढतात. माकडाने ओठ पटपट हलवले तर ती सलोख्याची खूण. दात विचकले तर बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं किंवा माघार घेत असतं. धमकी वेगळी दिसते. नजर रोखलेली, भुवया वर, कान मागे, तोंड गोल उघडलेलं आणि दात झाकलेले. हे दिसलं की आहात तिथून अंतर वाढवायचं. मोठ्या नराने लांबलचक जांभई दिली तर त्याला झोप आलेली नाही, तो सुळे दाखवतोय. वानराचा नर दात करकर वाजवतो, फांद्या गदागदा हलवतो, हूप करत इकडून तिकडे उड्या मारतो. यातलं बरंचसं प्रदर्शन दुसऱ्या नरासाठी असतं, पण मध्ये उभं राहू नये. कळप ताब्यात घेण्यासाठी बाहेरचे नर आलेले असतील तर त्या दिवसात कळपातलं वातावरण तापलेलं असतं, पिल्लंसुद्धा मारली जातात. असा गोंधळ दिसला की लांबून वळसा घ्यावा.

म्हणून डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही. थोडं तिरकं उभं राहून, तो नजरेच्या कडेला ठेवून, सावकाश मागे सरकायचं. बहुतेक धाव खोटी असते, काही फुटांवर येऊन थांबते. पळालात की ती खरी होते. दोन्ही तळवे उघडे करून रिकामे दाखवावेत. माणसाच्या हाताकडे बघायला शिकलेल्या टोळीला ही खूण कळते. पिल्लू दिसलं की आई कुठे आहे ते आधी बघा, दोघांच्या मधून जाऊ नका. आपल्याकडे माकडांची पिल्लं बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्याच्या तोंडावर जन्मतात. छोटी, काळपट, पोटाला चिकटलेली पिल्लं दिसत असतील तर त्या हंगामात अंतर दुप्पट ठेवा.

काठीबद्दल दोन शब्द. काठी जवळ असावी, पण टोक जमिनीकडे. उगारायची नाही. जमिनीवर टकटक केलं तरी पुरतं. दगड उचलल्यासारखं वाकलं की गडावरची माकडं मागे हटतात हे खरं आहे, पण तोंडाला तोंड भिडलं असताना वाकू नका, चेहरा त्यांच्या उंचीवर जातो. आणि खरोखर दगड मारणं, गलोल चालवणं तर नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, तेव्हापासून हा नुसता शिष्टाचाराचा मुद्दा उरलेला नाही. शिवाय जखमी नराशी एकट्याने वैर घेण्यात शहाणपण कसलं?

आता सॅक, कारण नव्वद टक्के भांडण तिच्यावरून असतं (हा आकडा माझा अंदाज, कुणी पुरावा मागू नये). बाजूच्या जाळीच्या खिशात बाटली ठेवलीत तर ती गेलीच. त्यातही रंगीत पेयाची बाटली असेल तर घारापुरीच्या पायऱ्यांवर वरपर्यंतसुद्धा पोचायची नाही. हातात प्लास्टिकची पिशवी नको. कुरकुर आवाज आणि पिशवीचा आकार, दोन्हींचा अर्थ त्यांना पाठ आहे. सप्तशृंगीला प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत नेणारे जे भोगतात ते यामुळेच. चेनचे दोन्ही रनर वरच्या मधोमध न ठेवता खाली एका कोपऱ्यात आणा आणि छोट्या हुकाने एकमेकांत अडकवा. चेन ओढायला ही जनावरं शिकलेली आहेत, हुक सोडवायला अजून वेळ लागतो. वरून रेन कव्हर चढवा, पाऊस नसला तरी. चेन आणि खिसे एका फटक्यात झाकले जातात.

खाणं कडीच्या स्टीलच्या डब्यात. प्लास्टिकचा डबा सुळ्यांनी फुटतो, झिपलॉकमधून वास येतो. अस्वलाच्या मुलखातली खाणं झाडाला टांगायची युक्ती इथे कुचकामी आहे, टांगलेलं तर त्यांना जास्तच सोयीचं. गुहेत किंवा तंबूत मुक्काम असेल तर रात्री चिंता नाही, माकडं अंधारात फिरत नाहीत, कड्यावर किंवा झाडावर झोपलेली असतात. धोका उजाडताना. तुम्ही तोंड धुवायला टाक्यावर जाता आणि तंबूत मॅगीचं पाकीट उघडं असतं. तंबूची चेन लावलेली असली तर ती चेन उघडत बसत नाहीत, कापड फाडतात. म्हणून तंबूत खाणं ठेवायचंच नाही आणि रिकामा तंबू उभा सोडायचा नाही.

चष्म्याला दोरी, मोबाईलला गळ्यातला पट्टा. बाईकवाल्यांनी घाटात थांबताना हेल्मेट आरशावर अडकवू नये, टँक बॅग उघडी सोडू नये. वरंधा किंवा माळशेजला चहाला थांबलात तर गाडी टपरीवाल्याच्या नजरेसमोर लावा. सीटचा फोम उपसलेला बघण्यापेक्षा चहा उभ्याने पिणं बरं.

झडप पडलीच तर? खाणं असेल तर सोडा. लगेच, वाद न घालता. ओढाओढीत बोटं त्याच्या तोंडाजवळ जातात आणि हाताला चावे बसतात ते असे. मोबाईल किंवा चष्मा पळवला तर पाठलाग नको, कारण पाठलागात वस्तू दरीत जाते. शांत उभं राहिलात तर खाता येत नाही हे कळल्यावर पुष्कळदा वस्तू टाकून दिली जाते. वृंदावनात चष्मा पळवून फ्रुटीच्या बदल्यात परत करणारी ऱ्हीसस माकडं सगळ्यांना माहीत आहेत. बालीच्या उलुवातू मंदिरातल्या माकडांचा हाच धंदा आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं की मोठी झालेली माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडून उचलतात. म्हणजे बदल्यात खाऊ देऊन आपण चोराला बाजारभाव शिकवतो. तरीही पासपोर्ट किंवा नंबरचा चष्मा असेल तर तिथल्या माणसाला मध्ये घालून सोडवून घ्यावा. तत्त्व सांभाळून आंधळ्यासारखं उतरण्यात अर्थ नाही.

मला खरी काळजी चाव्याची नाही, पडण्याची वाटते. हरिहरच्या खोदीव पायऱ्या, कड्याच्या कडेची निमुळती वाट, कातळटप्पा. अशा जागी सात-आठ किलोचं जनावर एकदम सॅकवर बसलं तर दचकून झटकणं हीच सगळ्यात मोठी चूक. अंग कातळाकडे झुकवायचं, दोन्ही हात खोबणीत, पाय आहेत तिथेच. त्याला बसू द्यायचं, उघडायचं ते उघडू द्यायचं. वरून बिस्किटाचा पुडा गेला तर जाऊ दे. सॅक काढायचा प्रयत्न तर मुळीच नको, एक खांदा मोकळा झाला की तोल जातो. टप्पा सुरू होण्याआधी वर टोळी बसलेली दिसली तर थांबून ती हलू द्यावी. आणि पायथ्याला विचारावं, "मावशी, आज माकडं कुठं बसलीत?" ताक-लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी-मामांना कुठला नर खोडकर आहे, तो किती वाजता कुठल्या बुरुजावर असतो, सगळं माहीत असतं. एकट्या माणसासाठी याहून चांगली माहिती नेटवर मिळायची नाही.

वानर उपयोगीही पडतो, हे फार कमी लोक लक्षात घेतात. भीमाशंकर किंवा मेळघाटच्या जंगलात झाडाच्या शेंड्यावरून वानर एकाच दिशेला बघत खॅक-खॅक करत राहिला, तर त्याला बहुधा बिबट्या किंवा वाघ दिसलाय. थांबा, तो बघतोय ती दिशा बघा, आणि आलेल्या वाटेने परता.

चावा किंवा ओरखडा आला तर. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. गडावर नळ नसतो, म्हणून बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बारीक धार सोडावी, साबणाचा तुकडा सॅकमध्ये कायम असावा, आणि गावात पोचल्यावर नळाखाली पुन्हा पूर्ण धुवावं. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. हळद, चुना, मिरची काही नको, घट्ट पट्टी नको, घाईने टाके नकोत. त्याच दिवशी दवाखाना, कारण धोका रेबीजचा. रक्त आलं असेल, मग तो नुसता ओरखडा का असेना, जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची धरतात. मग रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. लस दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४, २८ या दिवशी, त्वचेत दिली तर ०, ३, ७, २८. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या डोसबरोबर, फार तर पहिल्या सात दिवसांत. छोट्या केंद्रात लस असते पण हे नसतं, म्हणून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. "दहा दिवस जनावरावर नजर ठेवा" हा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे, माकडाला लावू नका. वर्षभर एकटे भटकत असाल तर डॉक्टरांना विचारून आधीच लस घेऊन ठेवावी. मग चावल्यावर ० आणि ३ या दोनच दिवशी लस लागते, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी आणि गोव्यातल्या सत्तरीकडे जाणाऱ्यांनी माकडताप लक्षात ठेवावा. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. त्यात माकडं आणि वानरं दोन्ही मरतात, आणि मेलेल्या जनावरावरच्या गोचिडी आसपास पसरतात. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन फोटो काढू नका, वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, उतरल्यावर अंग तपासा. आठवडाभरात जोराचा ताप आला तर आपण कुठल्या जंगलात होतो ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

राहिला माकडांना खायला घालून पुण्य मिळवण्याचा मुद्दा. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन चक्क वानरांच्या नावावर आहे. ही श्रद्धा खरी आहे आणि मला तिची चेष्टा करायची नाही. पण अंजनेरीला शनिवारी गाडीच्या काचेतून फेकलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा ही त्या श्रद्धेची कुठली शाखा? पाला पचवणाऱ्या पोटात साखर-मैदा जातो, टोळी रस्त्यावर येते, गाड्यांखाली मरते. उरलेली, धीट झालेली माकडं पकडून दुसऱ्या डोंगरावर सोडली जातात आणि तिथल्या वाटेवर पुन्हा तेच सुरू. खायला घालणाऱ्यांना एकट्याने हटकायला संकोच वाटतो, मान्य. निदान त्यांच्या दहा पावलं मागे चालू नका. त्यांना अर्धा तास पुढे जाऊ द्या किंवा तुम्ही त्यांच्याआधी, उजाडताच निघा.