मेंदूचा ९० टक्के भाग झोपलेला नसतो

‘माणूस मेंदूचा जेमतेम १० टक्के भाग वापरतो. उरलेल्या भागात निम्म्याहून जास्त नुसता गोंद आणि बाकीच्या झोपलेल्या पेशी. त्या जाग्या करता येतात. म्हणूनच मेंदूला इजा झाली तरी घाबरू नका, झोपलेला भाग आपोआप काम हाती घेतो.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते १० टक्के. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेतला जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. रिकाम्या बसलेल्या अवयवाला शरीर इतकं पोसत नाही. सगळ्या पेशी एकाच क्षणी काम करत नाहीत, हे खरं. पण खूप पेशी एकदम एका तालात पेटल्या, तर त्याला बुद्धिमत्ता नव्हे, फिट येणं म्हणतात.

आता गोंद. हे नाव जुनं आहे. १८५६ साली जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी चेतापेशींमधल्या भागाला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांचा गोंद, असं नाव दिलं. या ग्लिया पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असंही पुस्तकांत छापलं जायचं. २००९ मध्ये मेंदूच्या अभ्यासक सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचा एकजीव द्रव करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. चेतापेशी निघाल्या सुमारे ८६ अब्ज आणि ग्लिया धरून इतर सगळ्या पेशीही जवळपास तेवढ्याच. दहापट वगैरे काही नाही.

आणि हा ‘गोंद’ काय करतो, ते पायाचं बोट पलंगाला आपटलं की कळतं. आधी लख्ख, टोचरी कळ येते. बोट हातात धरेपर्यंत मागून दुसरी येते, मंद, जळजळणारी, रेंगाळणारी. आपटणं एकच, पण निरोप दोन वाटांनी येतो. पहिला ज्या तंतूंतून येतो, त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे एका चरबीयुक्त आवरणाचं, पातळ वेष्टण असतं. दुसऱ्या वाटेच्या तंतूंवर ते नसतं, म्हणून तिथला निरोप सेकंदाला साधारण एक मीटर अशा चालीने सरकतो. हे वेष्टण चढवतात त्या श्वान पेशी, म्हणजे ग्लियाच. मेंदूत आणि मज्जारज्जूत तेच काम दुसऱ्या ग्लिया पेशी करतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तिथलं मायलिन नष्ट होतं आणि नजर अंधूक होते, पाय लटपटतात. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांना ‘नुसता गोंद’ म्हणून दाखवा.

झोपलेल्या पेशींचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खरं चित्र नेमकं उलटं आहे. मेंदू न वापरलेली जागा राखून ठेवतच नाही. बाळाच्या मेंदूत पेशींचे जोड गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि न वापरलेले बरेचसे पुढे छाटले जातात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीजल या मेंदूच्या अभ्यासकांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. पुढे ती उघडली तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूतली त्याची बहुतेक जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. या संशोधकांना १९८१ साली नोबेल मिळालं. लहान मुलाच्या ‘आळशी डोळ्या’वर उपचार करताना चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात आणि तेही लवकर, ते याचसाठी.

राहिलं ते शेवटचं वाक्य. पक्षाघातानंतर माणसं सुधारतात, पुन्हा बोलायला-चालायला लागतात. पण तेव्हा कुठली राखीव फौज उठत नाही. आधीच कामात असलेला शेजारचा भाग जादा भार उचलतो, तोही महिनोनमहिन्यांच्या सरावाने आणि प्रत्येकाच्या बाबतीत पूर्णपणे नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली आणि उपचार झाले नाहीत, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. निघताना घड्याळ बघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतील.